पहिला लोड कधी कमेन्स झाला?

चौकशीताईचं खरं नाव होतं फक्त लॉन्ड्रीच्या हजेरीपटावर. एरवी ती चौकशीताईच. नवीन साबण आला की तो कशाचा बनतो, व्हॅनवाला उशिरा आला की कुठल्या रस्त्याने आलास, कुणी शिंकलं की कालपासून की आजच, हे सगळं तिला कळायला हवं असायचं. त्यात खवचटपणा अजिबात नव्हता. काही माणसांना भूक लागते तशा तिला शंका यायच्या, आणि उत्तर मिळेपर्यंत तिला चैन पडत नसे.

लॉन्ड्री होती दवाखान्यांची. तीन दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं तिथे येई. कपडे नुसते स्वच्छ होऊन भागत नसे, ते उकळत्या पाण्यातून निघावे लागत. बॉयलरची वाफ जाड पाइपातून मशीनमध्ये येई आणि पाणी तापे. मशीन जुनी, सगळा कारभार हाताने आणि भिंतीवरच्या घड्याळाने. एक नंबरच्या मशीनसमोर चौकशीताई अकरा वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी. गुडघे असे झाले होते की जिना चढताना ती प्रत्येक पायरीला मनातल्या मनात शिव्या घाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बसून करायचं काम बघा, नाहीतर दोन वर्षांत काठी घ्यावी लागेल.

आणि बसून करायचं काम लॉन्ड्रीत एकच होतं, शिफ्ट इनचार्जचं. जुने इनचार्ज या महिन्यात निवृत्त होत होते. त्यांच्या जागेसाठी परीक्षा ठेवली होती. कामाचं तर तिला पाठ होतं, पण नव्या नियमाप्रमाणे इनचार्जने नोंदी इंग्रजीत करायच्या होत्या. वीस शब्दांची यादी दिली होती. परीक्षक त्यातला एक शब्द निवडणार आणि त्याची पाच वाक्यं लिहायला लावणार. परीक्षेला दोघीच बसणार होत्या, चौकशीताई आणि घड्या घालण्याच्या विभागातली एक चुणचुणीत बाई, जिला सगळे घडीवाली म्हणत.

चौकशीताईच्या घरात इंग्रजीची काही कमी नव्हती. तिचे सासरे, नाना, कोर्टात छत्तीस वर्षं टायपिस्ट होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी टेबलावर बसले की त्यांची बोटं आपोआप वाजत. सून 'मला शिकवा' म्हणाली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दाढी केली.

"रोज एक शब्द," नाना म्हणाले. "वीस दिवसांत वीस."

तेरा शब्द सुरळीत पार पडले. चौदाव्या दिवशी आला कमेन्स, आणि गाडी तिथेच रुतून बसली.

"कमेन्स म्हणजे सुरू होणे," नाना म्हणाले.

"पण सुरू होणे म्हणजे स्टार्ट ना?"

"तेही."

"आणि परवा बिगिन सांगितलंत, ते?"

"तेही सुरू होणेच."

"मग तीन-तीन कशाला? एकाने भागत नव्हतं का त्यांचं?"

नानांनी चष्मा काढला. असा प्रश्न त्यांना छत्तीस वर्षांत एकाही न्यायाधीशाने विचारला नव्हता. "हे बघ सूनबाई," ते म्हणाले, "स्टार्ट घरात वापरायचा, बिगिन शाळेत. कमेन्स म्हणजे कोट घालून कचेरीत आलेला शब्द. गाडी स्टार्ट होते. गाडी कमेन्स झाली म्हणालीस तर लोक हसतील. मीटिंग मात्र कमेन्स होते. सुनावणी कमेन्स होते. परीक्षा कमेन्स होते."

"आणि भांडण?"

"भांडणाची वेळ कुणी लिहून ठेवतं का?"

"सासूबाई ठेवायच्या."

नाना हसले, मग एकदम गंभीर झाले, कारण हसता हसता त्यांना स्वतःलाच नियम सापडला होता. "अगं, तेच तर! ज्या गोष्टीच्या सुरुवातीची वेळ कुणीतरी लिहितं आणि खाली सही करतं, तिथे कमेन्स. घे लिहून."

तिने लिहून घेतलं, पण तिथे थांबली असती तर ती चौकशीताई कसली! पुढचे तीन दिवस तिने घर डोक्यावर घेतलं. झोप कमेन्स होते का? नाही. ऑपरेशन? होतं, डॉक्टर वेळ लिहितात. चहा? मुळीच नाही, आणि चहाबरोबर असले शब्द वापरू नकोस, चव जाते. दोघांची मैत्री? नाही. तिचा नवरा जेवताना म्हणाला, "आमटी वाढ, म्हणजे माझं जेवण कमेन्स होईल," आणि नानांनी त्याला तिथल्या तिथे नापास केलं. भांडी घासताना तिने विचारलं, "आणि माणसाचं आयुष्य? जन्माच्या दाखल्यावर वेळ असते, सही असते."

नाना रात्रभर त्यावर विचार करत पडले. सकाळी म्हणाले, "दाखल्यावर वेळ असते ती बाळ बाहेर आल्याची. आयुष्य त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. दाखल्यावर लिहिलं म्हणून खरी सुरुवात तीच, असं नाही."

हे उत्तर तिला फार आवडलं. बसमध्ये ते घोळवतच ती कामावर आली. खरी सुरुवात एक आणि लिहिलेली सुरुवात दुसरी, असंही असतं तर! मग अशा आणखी कुठे कुठे दोन सुरुवाती असतील? तो मंगळवार होता, परीक्षा गुरुवारी होती.

एक नंबरच्या मशीनच्या वर भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. पिवळा पडलेला, सगळा इंग्रजीत. अकरा वर्षं तो तिच्या डोळ्यांसमोर होता आणि अकरा वर्षांत तिने तो फक्त फडक्याने पुसला होता. त्या मंगळवारी दुपारी पुसता पुसता तिचा हात थांबला. चौथ्या ओळीत ओळखीचं कुणीतरी भेटलं होतं. कमेन्स! गर्दीत माहेरचं माणूस दिसावं तसा तिला आनंद झाला. मग तिने बोट ठेवून शेजारचे शब्द लावायला घेतले. हॉट वॉश शॅल कमेन्स व्हेन द नीडल रीचेस द रेड मार्क.

गरम धुणं कधी कमेन्स होतं? काटा लाल खुणेवर पोचेल तेव्हा.

ती मशीनवरच्या तापमानाच्या काट्याकडे बघत राहिली. काटा होता, लाल खूणही होती. पण कपडे पंचवीस मिनिटं गरम पाण्यात ठेवायचे, ती मिनिटं मोजायची त्यांची पद्धत वेगळी होती. कपडे आत टाकायचे, दार लावायचं, वाफ सोडायची आणि घड्याळ बघायचं. दार लावल्यापासून पंचवीस मिनिटं झाली की पाणी सोडून द्यायचं. तिला ज्या बाईने शिकवलं तिने असंच शिकवलं होतं, आणि त्या बाईला शिकवणाऱ्यानेही असंच. काट्याकडे कुणी बघतच नव्हतं.

दुपारच्या लोडला तिने बघितलं. दार लागल्यापासून तीन मिनिटांत काटा लाल खुणेवर गेला. तीन मिनिटांनी काय होतंय, असं म्हणून तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि सोडल्या सोडल्या पुढची शंका आली. दुपारी बॉयलर तापलेला असतो. सकाळी सहाला?

बुधवारी सहाच्या ठोक्याला तिने पहिला लोड आत टाकला, दार लावलं आणि काट्यासमोर उभी राहिली. सहा पाचला काटा जागचा हललेला नव्हता. सहा दहाला जरासा सरकला. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "काय गं, काट्याशी लग्न लावतेस की काय?" चौकशीताई हसली नाही. काटा लाल खुणेवर पोचला तेव्हा सहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. रोज सहा पंचवीसला ती पाणी सोडून देई. म्हणजे पंचवीस मिनिटांच्या जागी चार.

त्या दिवशी तिने पाणी सोडलं नाही. आणखी एकवीस मिनिटं कपडे आतच ठेवले. व्हॅनवाला ओरडला, घडीवाली ओरडली, पण चौकशीताईचं कुणाकडे लक्ष नव्हतं. कारण पहिला लोड कुणाचा असतो ते तिला चांगलं माहीत होतं. पहिला लोड तान्ह्या बाळांच्या वॉर्डचा. त्यांची व्हॅन सगळ्यात आधी सुटते, म्हणून त्यांचे कपडे सगळ्यात आधी. एवढ्या एवढ्या चादरी, हातरुमालाहून जरा मोठ्या. ती नेहमी कौतुकाने म्हणायची, माझा दिवस बाळांपासून सुरू होतो.

तिने नोंदीचा कागद काढला. पहिल्या ओळीत वेळ लिहायला जागाच नव्हती. सहा वाजताची वेळ छापूनच आलेली, पुढे फक्त सहीची जागा. अकरा वर्षं तिथे तिची सही होती.

बॉयलरवर भट्टीमामा होते. उंच, काटकुळे, निवृत्तीला आठ महिने उरलेले. चौकशीताईवर त्यांचा जीव होता. तिच्या गुडघ्यांसाठी त्यांनीच एक जुना लाकडी खोका आणून दिला होता, घटकाभर टेकायला. ती त्यांच्याकडे गेली आणि विचारलं, "मामा, बॉयलर किती वाजता पेटवता?"

"पावणेसहाला. का गं?"

"वाफ कधी धरतो?"

"सव्वासहा होतात. थंड लोखंड ते, वेळ घेणारच."

"मग पहिल्या लोडला गरम पाणी मिळतच नाही."

मामांनी फावडं ठेवलं. त्यांना हे माहीत होतं, असं तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. निदान कधीतरी माहीत होतं आणि मग विसरलं गेलं होतं. "पाचला यायचं म्हटलं तर बस नसते," ते म्हणाले. मग आवाज खाली आणला. "हे बघ, उद्या तुझी परीक्षा आहे. सोमवारी तू इनचार्ज होशील. मग तूच वेळ बदल, गुपचूप. मी येईन चालत. पण आत्ता बोललीस तर तुझ्या सह्या निघतील, माझं पेन्शन अडकेल, आणि ती जागा जाईल घडीवालीला. कुणाचं भलं होणार आहे त्यात?"

बोलणं बिनतोड होतं. चौकशीताईने नानांच्या नियमासारखं ते उलटसुलट करून पाहिलं, तरी त्यात खोट सापडेना. "पण उद्या मी मशीनवर नाही," ती म्हणाली. "परीक्षा म्हणून संध्याकाळच्या शिफ्टमधला माणूस येणार आहे. त्याला काटा बघून मोजायला सांगाल?"

"सांगतो की. तू अभ्यास कर."

त्या संध्याकाळी नाना उत्साहाने फुलले होते. कमेन्सच्या मागून 'टु' लावायचा नाही, लावलास तर साहेब भुवई उचलतात. कमेन्समध्ये दोन एम, एक चुकलं तर सगळं पान परत टाईप. हे सगळं त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं. मध्येच तिने विचारलं, "नाना, तुम्ही कधी खोटी वेळ टाईप केलीत?"

नानांची बोटं वाजायची थांबली. "कितीदा तरी," ते म्हणाले. "सुनावणी अकराला कमेन्स झाली, असं टाईप करायचो. साहेब साडेबाराला यायचे. लोक बाकावर ताटकळत बसलेले." मग म्हणाले, "पण सही माझी नसायची."

माझी असते, असं तिच्या मनात आलं.

गुरुवारी परीक्षा साडेदहाला होती. चौकशीताई ठेवणीतली साडी नेसून आली, मागच्या दाराने आत शिरली आणि आधी बॉयलरकडे गेली. "मामा, सांगितलंत ना?"

मामा झडप उघडत होते. ती दोनदा उघडून झाली तरी उघडतच राहिले. "घाई होती गं सकाळी," ते म्हणाले. "उद्या नक्की."

म्हणजे आजचा लोड चारच मिनिटं उकळून, घड्या होऊन, गाठोडी बांधून साडेसातला गेला होता. आता त्या चादरी कपाटात असतील, किंवा कुणाच्या तरी अंगाखाली. तिला मामांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, की आपण सहा वाजता येऊन उभ्या का राहिलो नाही. अभ्यास करत बसले होते मी, तिने स्वतःलाच सुनावलं. कशाचा, तर कमेन्सचा!

परीक्षा मॅनेजरबाईंच्या खोलीत होती. परीक्षक बाहेरचे होते, भाषेचे कुणी जाणकार, जाड चष्म्याचे आणि फार प्रेमळ. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि थांबवलं. "कमेन्स. आपल्या कामावरची पाच वाक्यं लिहा."

घडीवालीने तोंड वाकडं केलं. हा शब्द तिने ऐनवेळी सोडून दिला होता. चौकशीताईच्या मात्र हाताला जणू कुणी धक्का दिला. द शिफ्ट कमेन्सेस ॲट सिक्स. द मीटिंग विल कमेन्स आफ्टर लंच. द न्यू इनचार्ज शॅल कमेन्स ड्यूटी ऑन मंडे. द इन्स्पेक्शन कमेन्स्ड यस्टरडे. चार वाक्यं झाली, दोन्ही एम जागच्या जागी. पाचवंही नानांनी घोटून दिलेलं तयार होतं, स्वागत-समारंभाचं. ते लिहिलं की झालं. सोमवारपासून खुर्ची.

तिने पेन टेकवलं आणि उचललं. या बाईला जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारायची सवय, आज तिला स्वतःलाच एक विचारावा लागला. सोमवारी बदलायचं, तर आज का सांगायचं नाही? उत्तर सोपं होतं, आणि लाज वाटावी असं होतं. आज सांगितलं तर खुर्ची जाईल, एवढंच. बाकी मामांचं सगळं बोलणं त्या एका गोष्टीवर घातलेलं पांघरूण होतं.

तिने लिहिलं. टुडे द हॉट वॉश ऑफ द फर्स्ट लोड डिड नॉट कमेन्स ॲट सिक्स. आज पहिल्या लोडचं गरम धुणं सहाला कमेन्स झालं नाही.

परीक्षकांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि शेवटचं वाक्य नकारार्थी, तेही अचूक. पाचपैकी पाच." त्यांनी कागद कौतुकाने मॅनेजरबाईंकडे सरकवला. बाईंनी हसत वाचायला घेतलं आणि पाचव्या वाक्यावर त्यांचं हसू मावळलं.

"हे उदाहरण म्हणून लिहिलंय ना?" त्यांनी विचारलं.

इतकं उघडं दार कुणी कुणासाठी ठेवत नाही. चौकशीताईने परीक्षकांकडे पाहिलं, तेही आशेने मान हलवत होते.

"नाही मॅडम, खरं आहे," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, काटा, सहा एकवीस, चार मिनिटं, काल जास्त वेळ ठेवलेला लोड, बाळांचा वॉर्ड. भट्टीमामांचं नाव तिने घेतलं नाही. बॉयलर थंड असतो, एवढंच म्हणाली.

"किती दिवस चाललंय हे?"

"माझ्या आधीपासून. माझ्या सह्या अकरा वर्षांच्या आहेत."

मॅनेजरबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. पण बाई कामाच्या होत्या, आधी त्यांनी फोन उचलला. "बाळांचा वॉर्ड द्या... सिस्टर, आज सकाळी आलेली गाठोडी उघडू नका. उघडली असतील तर चादरी काढून घ्या. हो, सगळ्या. कालच्या राहू द्या, आजच्या काढा आणि परवाच्या शिल्लक असतील त्याही. लगेच." फोन ठेवून त्या चौकशीताईकडे वळल्या. "कुणाला काही झालं का, ते आता दवाखान्याला विचारावं लागेल. आणि चौकशी संपेपर्यंत तुम्हाला ही जागा देता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय," चौकशीताई म्हणाली. वाईट कशाचं वाटतंय, हे तिला नीट सांगता आलं नसतं. खुर्चीचं तर होतंच. पण त्याहून जास्त त्या एवढ्या एवढ्या चादरींचं होतं, ज्या ती अकरा वर्षं कौतुकाने घाणेरड्या ठेवत आली होती. कुणाला काही झालं असेल का? जन्मभर शंका काढणाऱ्या या बाईला हा एक प्रश्न कायमचा पुरणार होता.

साडेअकराला व्हॅन गाठोडी घेऊन परत आली. चौकशीताईने ठेवणीतल्या साडीवर एप्रन बांधला आणि लोड स्वतः टाकला. बातमी तोवर सगळीकडे पसरली होती. "आता चौकशीताईचीच चौकशी," कुणीतरी म्हणालं, पण हसलं कुणी नाही. भट्टीमामा बॉयलरच्या दारात येऊन उभे राहिले.

संध्याकाळी नाना दारातच होते. दाढी केलेली, अंगावर इस्त्रीचा शर्ट. "कुठला शब्द आला?"

"कमेन्स."

नानांनी टाळीच वाजवली. "मग काय, सोमवारपासून खुर्ची!"

"नाही, नाना. नाही मिळाली."

नानांचा चेहरा इतका पडला की तिला त्यांचीच दया आली. ते खाली बसले. टेबलावरची बोटं एकदा वाजली आणि थांबली. मग त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "कुठलं वाक्य चुकलं?"

"एकही नाही," ती म्हणाली. "पाचही बरोबर होती." परीक्षकांनी परत दिलेला कागद तिने पर्समधून काढून त्यांच्यापुढे ठेवला.

नानांनी चष्मा लावला आणि एकेका वाक्याखाली बोट धरून वाचत गेले. पाचव्यापाशी बोट थांबलं. ते त्यांनी पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा. छत्तीस वर्षांत किती पानांवर त्यांनी तो शब्द उमटवला होता, त्याचा हिशेब नव्हता.

"असं खरं वाक्य मला एकदाही टाईप करता आलं नाही," नाना म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्यांनी आपली खुर्ची सोडली आणि ती सुनेकडे सरकवली. "बस गं. सकाळपासून उभीच असशील."